निसणा सपाट ठेवावा

सज्जनहो, श्रावण वद्य द्वादशी ही संत सेना महाराजांची पुण्यतिथी. सेनाजी नाभिकाचा धंदा करीत आणि मुखाने नाम घेत. आपल्या धंद्यातल्या सामानाचे रूपक करून त्यांनी जो अभंग रचला, तो कोणा वारकऱ्याला ठाऊक नाही? त्यात आरसा आहे, चिमटा आहे. पण न्हाव्याच्या धोकटीच्या तळाशी आणखी एक वस्तू असे. तिचे नाव त्या अभंगात आलेले नाही. ती वस्तू म्हणजे वस्तऱ्याला धार लावायचा दगड, निसणा. हल्ली बहुतेक दुकानांत पाते बदलायचा वस्तरा आला, त्यामुळे निसणा फारसा दिसत नाही. म्हणूनच आज त्याच्याविषयी चार शब्द बोलावेसे वाटतात.

विळ्याला धार लावताना दगड थोडा खालवर असला तरी निभते. वस्तऱ्याचे तसे नाही. वस्तरा दगडावर पालथा निजवतात. त्याची जाड पाठ आणि पातळ धार, दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. धारेचा कोन हात ठरवीत नाही, तो पाठ आणि दगड मिळून ठरवतात. म्हणून दगड सपाट असला तर धार सरळ आणि बारीक येते. दगडाला मधे खोलगटपणा आला, तर धारही त्या खोलगटपणाप्रमाणे गोलसर होते. माणूस तासभर घाशीत बसतो, घाम गाळतो, पण वस्तरा केस कापत नाही, ओढतो. तो म्हणतो, लोखंड वाईट. लोखंड बिचारे चांगलेच असते!

आता हा खोलगटपणा येतो कुठून? दगड कोणी फोडला का? नाही. त्याने काही पाप केले का? तेही नाही. दगड झिजला तो दुसऱ्याला धार देता देता झिजला. हात सवयीने मधल्या भागावर जास्त फिरतो, कडांना कमी लागतो. मधला भाग झिजत जातो, कडा तशाच उंच राहतात. रोज केसाएवढेसुद्धा झिजत नाही, म्हणून ते डोळ्यांना दिसत नाही. आणि जो दगड जास्त कामाचा, तोच लवकर झिजतो. फळीवर ठेवून दिलेला दगड वर्षानुवर्षे तसाच राहील, पण त्याचा उपयोग काय?

माउली, इथे आपण जरा थांबू या. समाजात धार लावायचे काम कोणाकडे आहे? आम्हा कीर्तनकारांकडे, दिंडीच्या चालकाकडे, विणेकऱ्याकडे, घरातल्या वडीलधाऱ्यांकडे. बुवा गावोगाव सांगतात, लोभ सोडा. सांगणे खरे असते, ऐकणारेही सुधारतात. पण रोज तेच सांगता सांगता बुवांची नजर हळूच बिदागीकडे वळू लागते. तीस वर्षे वारी केलेला विणेकरी. नव्या पोराचा टाळ चुकला की दहा जणांदेखत त्याला बोलतो. त्याला वाटते, मी शिस्त लावतो आहे. ते पोर पुढल्या वर्षी दिंडीत येत नाही. का आले नाही, हेही कोणी विचारीत नाही. एक वस्तरा बिघडला तर एकच बिघडतो. निसणा बिघडला तर त्याच्यावर जो जो लागेल तो तो बिघडतो. म्हणून सांगणाऱ्याने ऐकणाऱ्यापेक्षा स्वतःला अधिक तपासावे.

तपासायचे कसे? जाणते कारागीर दगडावर शिसपेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारतात आणि तो सपाट जागेवर पाणी घालून घासतात. जिथल्या रेघा पुसल्या तो भाग उंच. जिथल्या रेघा तशाच राहिल्या तो खळगा. दगड नुसता हातात घेऊन पाहिला तर सपाटच दिसतो. घासल्यावाचून खोट कळत नाही. आपलेही तसेच. एकांतात आपण सारे शांत असतो. वारीत मुक्कामाला जागा मिळाली नाही, पंगतीत वाढायला उशीर झाला, कोणाचा पाय लागला, म्हणजे मग आपल्या रेघा कुठे राहिल्या ते कळते.

आता पुढची गोष्ट नीट ध्यानात घ्या. कोणी म्हणेल, दोन दगड एकमेकांवर घासावेत म्हणजे दोन्ही सपाट होतील. तसे खात्रीने होत नाही. एकाला खळगा पडतो, दुसऱ्याला फुगवटा येतो, आणि दोघे एकमेकांत असे चपखल बसतात की मधून उजेडही दिसू नये! दोघांनाही वाटते, आपण सरळ आहोत. खोट उघडी पडते ती तिसरा दगड आणल्यावर. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पुन्हा पहिल्यावर, असे आळीपाळीने आणि आडवे-उभे फिरवत घासत गेले, तर तिघेही सपाट झाल्यावाचून गत्यंतर नाही. कारण तिघेही एकमेकांशी तंतोतंत जुळतील अशी एकच स्थिती आहे, ती सपाटपणाची. इंग्लंडमधील यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगो येथील विद्वानांच्या सभेत धातूचे खरे सपाट तक्ते करण्याविषयी निबंध वाचला. त्यांची रीतही हीच, तीन तक्ते एकमेकांशी जुळवण्याची.

आपल्या परमार्थात तरी दुसरे काय सांगितले आहे? शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती आणि आत्मप्रचीती. नुसती आत्मप्रचीती आणि आपल्याला मान देणारे चार शिष्य, एवढ्यावर विसंबले की दोन दगडांचा खेळ होतो. बुवा शिष्यांना शोभतात, शिष्य बुवांना शोभतात, आणि दोघेही वाकडे. मग तिसरा दगड हवा. तो कधी ज्ञानेश्वरीच्या पारायणात भेटतो. कधी परखड बोलणाऱ्या संतसज्जनाच्या रूपाने येतो. तो टोचतो, म्हणून आपण त्याला टाळतो. टाळू नये.

आणखी एक मर्म आहे. दगडाला पडलेला खळगा भरता येत नाही. वरून काही लिंपून चालत नाही. उंच राहिलेल्या कडाच झिजवाव्या लागतात, खळग्याच्या पातळीला यावे लागते. आपण काय करतो? आत उणे वाटले की वर लिंपतो. आणखी एक पदवी, आणखी एक सत्कार, आणखी मोठा मंडप. त्याने खळगा भरत नाही. आपल्या संप्रदायाने उपाय फार सोपा सांगितला आहे. समोर येईल त्याच्या पायांवर डोके ठेवायचे. लहान असो, थोर असो, कोणत्याही जातीचा असो, त्याला माउली म्हणायचे. ज्या पोराला टाळावरून बोललो, त्याच्याही पायांवर. तिथेच कड झिजते. ज्या पायांवर आपले डोके सहज जात नाही, तीच आपली उंच कड समजावी.

घासून झाल्यावर दगड स्वच्छ धुवायचा असतो. एखादा खरखरीत कण वर राहिला तर तो धारेला ओरखडा पाडतो. तसे कोणी आपल्याला बोलले, आपण सुधारलो, तरी बोलल्याचा कडवटपणा मनात ठेवू नये. नामाच्या पाण्याने धुऊन टाकावा. आणि हे काम वर्षातून एकदा, पुण्यतिथीपुरते करू नये. खोल खळगा काढायला फार झिजावे लागते. थोडा पडला तेव्हाच काढला तर चार हातांत काम होते. रोज रात्री हरिपाठ झाला की क्षणभर विचारावे, आज माझ्यामुळे कोणाची धार बिघडली का?

महिपतींनी भक्तविजयात सेनाजींची कथा गाइली आहे. सेनाजी पूजेत रमलेले, राजाचे बोलावणे आलेले, आणि पांडुरंग सेनाजींचे रूप घेऊन हजामतीला गेला. भक्ताचे रूप घ्यायला देव लाजला नाही, कारण ते रूप आतबाहेर सरळ होते. उद्या देवाला आपले रूप घेऊन कोणाच्या दारी जावेसे वाटेल, असे आपले वागणे आहे काय? प्रत्येकाने आपला निसणा काढावा, त्यावर रेघा माराव्या आणि संतांच्या पायरीवर घासायला बसावे.

रामकृष्णहरि.