शाळेच्या आवारातली मोजणी

शाळेच्या आवारातील वनस्पती, कीटक आणि कचरा यांचा अभ्यास म्हणजे मुख्यतः मोजणी. ‘निसर्गावर प्रेम करा’ हे फळ्यावर लिहिता येते. एक चौरस मीटर जागेत किती प्रकारची झुडपे-गवते उगवली, हे मात्र उकिडवे बसूनच कळते. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांना ‘परिसर अभ्यास’ हा विषय आहे, पण त्यातला परिसर पुष्कळदा पुस्तकातल्या चित्रातच राहतो.

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यातले फुलसावंगी हे कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या पट्ट्यातले गाव. अशा भागात पावसाळ्यात शाळेच्या कुंपणालगत तरोटा, आघाडा, हराळी, गोखरू आणि गाजरगवत माजते. दोरीची एक मीटर लांब-रुंद चौकट जमिनीवर टाकायची आणि आतला प्रत्येक प्रकार नोंदवायचा, ही सर्वांत सोपी पद्धत. नाव ठाऊक नसले तर पान वहीत दाबून ‘अनोळखी’ म्हणून नोंद होते. निंदणाला जाणारी एखादी आजी ते नाव सहज सांगते, बहुधा त्याची भाजी होते की नाही हेही. गाजरगवताला मात्र हात लावायचा नाही. त्याने त्वचेला खाज सुटते. हे तण मूळचे अमेरिका खंडातले. त्याची पाने खाणारा मेक्सिकन भुंगेरा भारतात 1984 मध्ये मुद्दाम आणला गेला. गाजरगवताची पाने कुरतडलेली दिसली तर हा भुंगेरा तिथे आहे का, हे पाहता येते.

कीटकांकडे वळले की अभ्यासाला खरा रंग चढतो. रुईच्या पानावर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी सापडते. रुईचा विषारी चीक पचवून ती तो शरीरात साठवते, म्हणून पक्षी तिला टाळतात. पहिल्या पावसात जमिनीवर दिसणारा लाल मखमली मृगाचा किडा मोजायला घेतला तर पाय आठ भरतात. तो कीटक नव्हेच, कोळ्याच्या कुळातला आहे. अडचण एवढीच की विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात आणि मृग नक्षत्र 7-8 जूनलाच लागते. तेव्हा ही नोंद मुलांनी घरच्या अंगणात घ्यावी.

कापसाच्या मुलखात या मोजणीला आणखी एक अर्थ आहे. इथे किडा दिसला की पहिला विचार फवारणीचा येतो. कृषिशास्त्र मात्र आधी मोजायला सांगते: कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी सुमारे आठ पतंग आले, तर गुलाबी बोंडअळीसाठी उपाय करायची वेळ आली असे धरतात. मावा खाणारा ढालकिडा आणि क्रायसोपाची अळी हे मित्रकीटक. सरसकट फवारणीत तेही मरतात. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातच कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. मुलांच्या वहीने ते टळले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्यामागे औषधांची मिश्रणे, उंच वाढलेले पीक आणि संरक्षक साधनांचा अभाव अशी कारणे होती. पण आधी ओळखायचे, मग मोजायचे आणि त्यानंतर ठरवायचे, हा क्रम लहानपणीच हाताला बसू शकतो.

कचऱ्यालाही हाच क्रम लागू पडतो, आणि नेमका इथेच तो मोडतो. स्वच्छता मोहिमेत झाडू आधी फिरतो, त्यामुळे पुरावाच नाहीसा होतो. झाडण्यापूर्वी कचऱ्याचे ढीग वेगळे केले तर आवाराच्या कोणत्या कोपऱ्यात काय साचते ते दिसते: चॉकलेटची वेष्टने, चिप्सची पाकिटे, वहीचे कागद, कधी गुटख्याच्या पुड्या. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास 2003 च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. म्हणजे पुड्यांची संख्या ही मुलांच्या सवयीपेक्षा आसपासच्या टपऱ्यांची नोंद ठरते, आणि ती ग्रामसभेत मांडता येते. वर्ध्यात 1937 मध्ये मांडल्या गेलेल्या नई तालीम या शिक्षणपद्धतीत सफाई हा शिक्षणाचाच भाग होता. आज ती बरेचदा नुसती पाहुणे येण्यापूर्वीची तयारी असते.

नीटनेटकेपणाचा अट्टाहास वनस्पतींनाही भोवतो. सारे गवत उपटून पेव्हर ब्लॉक बसवले की आवार फोटोत छान दिसते, पण मोजायला काही उरत नाही. आवाराचा एक कोपरा न कापता ठेवणे हा मार्ग आहे. सापांची भीती खरी असल्याने तो वर्गाच्या दारांपासून दूर असावा, आणि मुलांनी आत न शिरता कडेवरूनच पाहावे. कोरडवाहू भागात पाऊस दर वर्षी वेगळा पडतो, त्यामुळे एका वर्षाच्या आकड्यांवरून फारसे काही सांगता येत नाही. चौकटीची जागा तीच ठेवून जुन्या वह्या शाळेच्या कपाटात जपल्या, तरच पुढच्या वर्गाला तुलना करता येते.