श्रद्धा आणि शेवटचं बटण

२०१९च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमधून धीरज देशमुख लाखाहून जास्त मताधिक्याने निवडून आले. दुसऱ्या क्रमांकाची मतं मात्र कुठल्याच उमेदवाराला नव्हती. ती होती ‘नोटा’ला, सुमारे साडेसत्तावीस हजार. पलूस-कडेगावमध्येही तसंच घडलं. दोन्हीकडे जागावाटपावरच्या नाराजीची चर्चा झाली, आणि तिच्यात तथ्य असेलही. पण रांगेत ताटकळून, यादीतलं नाव पटवून, बोटाला शाई लावून घेऊन ‘यातला कोणीच नको’ म्हणणाऱ्या माणसाचा राजकारणावर विश्वास आहे की उडाला आहे?

उमेदवारांवरचा उडाला आहे, हे उघड आहे. आपल्या मताची मोजदाद होईल, या खात्रीवरचा नाही. तो उडाला असता, तर माणूस घरीच बसला असता.

आपल्याकडे विश्वास आणि श्रद्धा यांची फार लवकर गल्लत होते. देवाच्या दारी हिशेब मागायचा नसतो, पण तीच सवय नेत्याच्या दारीही लागते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी नेमकं यावर बोट ठेवलं होतं. धर्मातली भक्ती मुक्तीकडे नेत असेल, राजकारणातली भक्ती मात्र अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांचा इशारा होता. म्हणून समाधानी, निःशंक नागरिकांचा देश बघितला की हायसं वाटण्याऐवजी काळजी वाटायला हवी. शंका घेणारा नागरिक लोकशाहीचं देणं फेडत असतो.

ही शंका पूर्वी चारचौघांत घ्यावी लागे. मत द्यायचं नसेल, तर केंद्राध्यक्षाला तसं सांगायचं, नोंदवहीत शेरा पडायचा आणि त्यापुढे सही किंवा अंगठा. समोर पक्षांचे प्रतिनिधी बसलेले, बहुतेक गावातलेच. अशा खोलीत नकार द्यायला किती जण धजावणार? सप्टेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकारालाही गुप्ततेचं संरक्षण दिलं आणि यंत्रावर ‘नोटा’चं शेवटचं बटण आलं.

पण त्या बटणाला जोर दिलेला नाही. विधानसभा-लोकसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली, तरी त्याखालोखालचा उमेदवार विजयी ठरतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८मध्ये महापालिका, नगरपालिका आणि नगरपंचायतींसाठी वेगळा आदेश काढला: नोटा पुढे असेल तर फेरनिवडणूक. नगरपालिकेच्या मतदाराचा नकार जेवढा गांभीर्याने घेतला जातो, तेवढाच आमदार-खासदार निवडताना दिलेला नकारही घेतला गेला पाहिजे.