बिघडले कोणाचे?

माझ्या आजीचा पाटा अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे. गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावी, म्हणजे तो पुन्हा चटणी वाटायला तयार. काम करण्यासाठी त्याला गावातल्या दुसऱ्या कुठल्या पाट्याची संमती लागत नाही. 'जुने ते सोने' असे आपण म्हणतो ते अशाच वस्तूंकडे पाहून. पण आपल्या काळाने एक निराळ्याच जातीची वस्तू घरात आणली आहे. ती न बिघडता निकामी होते.

आमच्या शाळेत एक जुना संगणक होता. पडदा स्वच्छ, कळा शाबूत. पत्रे, गुणपत्रके सारे बिनतक्रार होई. फक्त इंटरनेटवरची पाने एकेक करून उघडेनाशी झाली. दुरुस्तीला आलेल्या मुलाने सगळे तपासले आणि म्हणाला, "सर, यात बिघाड काहीच नाही." मग बिघडले कोणाचे? प्रश्न यंत्राचा वाटतो खरा. पण थोडा वेळ मनात घोळवला की तो नीतीचा होतो.

दोन संगणक परस्परांशी बोलतात ते ठरलेल्या रीतीने. त्या रीतीला प्रोटोकॉल म्हणतात. तिऱ्हाइताला कळू न देता बोलण्याची टीएलएस नावाची एक रीत आहे. तिची १.२ ही आवृत्ती २००८ साली ठरली, १.३ ही २०१८ साली. आता विंडोज एक्सपी ही प्रणाली घ्या. ती आली २००१ साली, आणि तिची सर्वसाधारण देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. त्या प्रणालीचा संगणक जसा होता तसाच आहे. भोवतालच्या जगाने बोलण्याची तऱ्हा बदलली. कुटुंबातले सारे नवी भाषा बोलू लागावेत आणि म्हाताऱ्याशी कोणी बोलेनासे व्हावे, तसेच हे.

मग जुन्यांसाठी जुनी रीत चालू ठेवली तर काय बिघडते? मन चटकन म्हणते, काही नाही. पण ऑक्टोबर २०१४ मध्ये 'पूडल' या नावाने एक दोष उघडकीस आला. एसएसएल ३.० ही १९९६ सालची रीत अनेकांनी जुन्या यंत्रांच्या सोयीसाठी शिल्लक ठेवली होती. वाटेत दबा धरून बसलेल्याने नवे संभाषण मुद्दाम मोडायचे, दोन्ही बाजूंना त्या जुन्या रीतीवर उतरायला लावायचे आणि मग गुपित चोरायचे, असा तो प्रकार. वृद्ध पाहुण्यासाठी उघड्या ठेवलेल्या परसदारातून चोर शिरला, आणि लुटले गेले ते घरातले सगळेच! तेव्हा जुन्याला कायम सांभाळा, हा उपदेश वाटतो तितका निष्पाप नाही.

उलट, एका रात्रीत सारे बदलून टाकणेही घडले आहे. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याने आपली जुनी रीत सोडून आजच्या इंटरनेटची रीत स्वीकारली. पण ती काही शेकडा यंत्रे; त्यांचे चालक ओळखीचे. शिवाय आदल्या वर्षी एक दिवस जुनी रीत बंद करून सर्वांना सावध करण्यात आले होते. आज त्या जाळ्यात निम्म्याहून अधिक मनुष्यजात आहे. तिला कोण कोणत्या रात्री जागे करणार?

आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तेव्हा आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. तो पाव पैसा कोणाच्या पदरात टाकायचा? तरी जुनी नाणी त्याच दिवशी बाद झाली नाहीत. काही वर्षे आणा आणि नवा पैसा एकाच पिशवीत राहिले, आणि लोक सरावल्यावर १ जून १९६४ पासून पैशामागचा 'नवा' गळून पडला. इंटरनेटवरील पत्त्यांचेही तसेच चालले आहे. जुन्या आयपीव्ही४ मध्ये सुमारे ४२९ कोटीच पत्ते मावतात. त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. आयपीव्ही६ ची रीत १९९८ सालीच लिहून झाली होती. पण आजही दोन्ही शेजारीशेजारी नांदत आहेत.

मला अधिक बोधप्रद वाटते ती 'लेट्स एन्क्रिप्ट'ची हकीकत. ही संस्था संकेतस्थळांना फुकट ओळखपत्रे देते. २०२० च्या नोव्हेंबरात तिने जाहीर केले की, अँड्रॉइडच्या ७.१ पूर्वीच्या फोनांना आपली नवी सही लवकरच ओळखू येणार नाही. तेव्हा असे फोन एकूण अँड्रॉइड फोनांच्या सुमारे एक तृतीयांश होते. दीड महिन्यात तिने तोड काढली. आयडेनट्रस्ट या जुन्या संस्थेने तीन वर्षांपुरती आपली सही जोडून देण्याचे कबूल केले. २०२४ मध्ये ती मुदत संपली. 'कायमचे सांभाळू' असे तिने म्हटले नाही, आणि 'उद्यापासून बंद' असेही म्हटले नाही. पूल बांधला आणि त्यावर तारीख लिहिली.

पुढे जाणाऱ्याचे ऋण एवढे तरी आहेच, असे मला वाटते. बदलाचा लाभ ज्याला, पुलाचा खर्च त्याचा. आणि ज्याला देखभाल सोडायची आहे त्याने यंत्राचे कुलूपही उघडून द्यावे. कारण पुष्कळ जुन्या संगणकांवर लिनक्स घातले की तेच यंत्र नवी रीत सहज बोलू लागते! म्हणजे वय आडवे येत नव्हते; आडवे येत होते ते कुलूप.

आणखी एक गोष्ट, आणि तीच मला सर्वांत मोठी वाटते. एका विद्यार्थ्याचे वडील शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसले होते. फोन जुना, पान उघडेना. त्यांनी तो माझ्यापुढे धरला आणि ओशाळून म्हणाले, "माझंच काहीतरी दाबायचं चुकलं असेल." त्यांचे काहीच चुकले नव्हते. आपण दार बंद केले, हे दार बंद करणाऱ्याने साध्या मराठीत सांगायला हवे होते. ते न सांगितल्यामुळे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आपल्याच हातांची लाज वाटू लागते. रीती बदलोत, त्या बदलायलाच हव्यात. पण ही लाज ज्याची नाही त्याच्या माथी मारण्याचा अधिकार कुठल्याही प्रगतीला नाही.