एकी आणि एकसारखेपणा

देशाच्या ऐक्याची गोष्ट निघाली म्हणजे पुष्कळ सज्जन मंडळी एकच उपाय सांगतात. मी मराठी, तू तामिळ, हा अमक्या जातीचा, तो तमक्या पंथाचा, हे सारे विसरा. आपण सारे भारतीय, एवढेच ध्यानात ठेवा. ऐकायला हे गोड वाटते आणि सांगणाऱ्याचा हेतूही चांगला असतो. पण अहो, विसरा म्हटल्याने माणूस आपल्या आईची भाषा विसरतो का? आणि समजा विसरला, तरी त्याने देशाचे बळ वाढेल का? हे नीट तपासून घेण्याजोगे आहे.

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. एकी निराळी आणि एकसारखेपणा निराळा. सगळ्या विटा सारख्या असतात, पण नुसता विटांचा ढीग म्हणजे घर नव्हे. उलट हाताची पाची बोटे सारखी नसतात, आणि तरीही मूठ वळते. एकसारखेपणा हुकमाने आणता येतो. निदान तसा भास तरी उभा करता येतो. एकी मात्र ज्याला त्याला आपले ठिकाण मिळाल्याशिवाय होत नाही.

याचा दाखला आपल्या शेजारीच घडलेला आहे. पाकिस्तान झाले तेव्हा तिथल्या निम्म्याहून अधिक लोकांची मातृभाषा बंगाली होती. तरीसुद्धा मार्च १९४८ मध्ये ढाक्यात बॅरिस्टर जिना यांनी जाहीर केले की राष्ट्राची भाषा उर्दू आणि फक्त उर्दूच राहील. त्यांचा हिशेब साधा होता : एक भाषा नसेल तर राष्ट्र एक कसे राहणार? २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात आपल्या भाषेसाठी रस्त्यावर आलेल्या तरुणांवर गोळीबार झाला. पुढे १९५६ च्या राज्यघटनेत बंगालीला स्थान मिळाले, पण मन एकदा दुखावले ते दुखावलेच. राज्यकारभारात, पैशाअडक्यात, सैन्यात होणाऱ्या अन्यायाची त्यात भर पडली, आणि १९७१ साली ते राष्ट्र दुभंगले. धर्म एक होता, तरी तो पुरला नाही. लंकेतही १९५६ मध्येच सिंहली ही एकमेव राजभाषा ठरवणारा कायदा झाला. तिथे १९८३ पासून २००९ पर्यंत जी यादवी चालली तिला कारणे अनेक होती. पण मुळाशी गेले तर हा कायदा सापडतोच.

आता आपल्याकडे काय झाले ते पाहा. स्वराज्य आले तेव्हा भाषावार प्रांत केले तर देशाचे तुकडे होतील, अशी भीती मोठमोठ्या पुढाऱ्यांनाही वाटत होती. नुकतीच फाळणी झालेली. ती भीती अगदीच निराधार होती असे कोणी म्हणू नये. १९४८ च्या दार आयोगाने भाषेवर प्रांतरचना करू नये असेच मत दिले. पण डिसेंबर १९५२ मध्ये पोट्टी श्रीरामुलु यांनी उपोषणात देह ठेवला आणि १९५३ साली आंध्र राज्य झाले. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. आपल्या महाराष्ट्राला मात्र शंभराहून अधिक माणसांचे बलिदान द्यावे लागले, तेव्हा कुठे १ मे १९६० चा दिवस उगवला. बरे, त्यामुळे देश मोडला का? मोडला नाही. दक्षिणेत द्रविड मुन्नेत्र कळघम या पक्षाची एके काळी वेगळ्या राष्ट्राची मागणी होती. ती त्याने १९६३ मध्ये सोडली. १९६५ साली तिथे हिंदीविरोधी आंदोलन पेटले, माणसे मेली. तेव्हा दिल्लीने हट्ट धरला नाही. १९६७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून इंग्रजी चालू ठेवली. त्याच साली तो पक्ष मद्रासमध्ये सत्तेवर आला, १९६९ मध्ये राज्याचे नाव तामिळनाडू झाले, आणि वेगळे होण्याची भाषा मागे पडली. माणसाला घरात मान मिळाला म्हणजे तो वेगळी चूल कशाला मागेल?

इथवरचा विचार पुष्कळांना पटेल. पण इथेच थांबलो तर तो अर्धाच राहील. कारण जो समूह दिल्लीकडे न्याय मागतो, तोच आपल्या पोटातल्या लहान समूहाला न्याय देतो का, हा पुढचा प्रश्न आहे आणि तो जास्त अवघड आहे.

बांगलादेशाचेच पाहा ना. भाषेसाठी ज्यांनी रक्त सांडले, त्यांनीच १९७२ च्या राज्यघटनेत साऱ्या नागरिकांना बंगाली म्हणून टाकले. चित्तगाँगच्या डोंगराळ मुलखातून निवडून आलेले मानवेंद्र नारायण लारमा यांनी तिथेच हरकत घेतली : मी बांगलादेशाचा नागरिक आहे, पण बंगाली नाही, चाकमा आहे. कोणी ऐकले नाही. पुढे त्या डोंगरांत वीसएक वर्षे झुंज चालली आणि १९९७ मध्ये करार करावा लागला. कालचा पीडित आज अधिकारावर बसला की तेच माप दुसऱ्याला लावतो, ही माणसाची जुनी खोड आहे.

आपल्याकडेही हा धोका एका द्रष्ट्या पुरुषाने वेळीच सांगितला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ मध्ये भाषिक राज्यांवर पुस्तक लिहिले. एका राज्याची एक भाषा असावी हे त्यांना मान्य होते. पण अशा राज्यात संख्येने मोठी असलेली एखादी जात लहान जातींना दडपून टाकील, तेव्हा त्यांच्या संरक्षणाची सोय हवी, असा इशाराही त्यांनी दिला. भाषा एक झाली म्हणजे न्याय आपोआप येतो असे नाही. २०१४ मध्ये तेलंगणा आंध्रापासून वेगळे झाले. दोन्हीकडची भाषा तेलुगूच होती.

मग आपल्या महाराष्ट्राने स्वतःला काय विचारावे? आम्हांला मराठीत शिकायचे आहे, मराठीत कारभार हवा आहे, हे आपण मागितले आणि ते योग्यच होते. आता मेळघाटातले कोरकू बोलणारे पोर, गडचिरोलीतले गोंडी बोलणारे पोर शाळेत पहिल्या दिवशी येते तेव्हा त्याच्या कानावर काय पडते? राज्यघटनेत १९५६ सालीच ३५० अ हे कलम घातले गेले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळेल अशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. आपण दिल्लीकडून जे घेतले ते या पोराला द्यायला तयार आहोत का? तयार असू तर आपला अभिमान खरा. नसू तर तो नुसता मोठेपणाचा हव्यास.

कोणी म्हणेल, अशाने प्रत्येक गट उठेल आणि मागत सुटेल. याला अंत कुठे? शंका रास्त आहे. प्रत्येक मागणी मान्य करावी असे कोणीच म्हणत नाही. समूहाची ओळख सांभाळायची ती त्यातल्या माणसासाठी. ज्या रूढीने आपल्याच माणसाला कमी लेखले जाते, ती आमची परंपरा म्हणून राखता येणार नाही. पंढरीच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. भक्तीत भेद नाही असे म्हणणाऱ्यांच्या या गावात, अस्पृश्य मानलेल्या बांधवांना देवाच्या पायापर्यंत जाता यावे म्हणून, १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. तिथे परंपरेला हटावे लागले, आणि तेच धर्माला धरून झाले.

मागणी ऐकायची कशी, याचा वस्तुपाठ मात्र वारीतच आहे. माउलींच्या पालखीबरोबर शेकडो दिंड्या चालतात. प्रत्येकीचा विणेकरी वेगळा, स्वयंपाक वेगळा, चालण्याची जागा ठरलेली. संध्याकाळी समाजआरतीला सगळ्या एकत्र येतात. चोपदाराने चोप उंच केला की हजारो टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. तो आवाज ऐकून चोपदार तिच्यापाशी जातात, काय झाले ते विचारतात, समजूत घालतात, आणि मग पुढे आरती होते. टाळ वाजवला म्हणून त्या दिंडीला कोणी पालखीचा वैरी म्हणत नाही. तिला पालखी सोडून जायचे असते तर ती टाळ कशाला वाजवील? ती मुकाट्याने निघून गेली असती.

देशातही कुठे ना कुठे एखादा टाळ वाजत राहणारच. तो दडपून आणलेल्या शांततेला एकी म्हणू नये. ज्याच्या हाती चोप आहे त्याने तिथवर चालत जावे, आणि जो टाळ वाजवतो आहे त्याने आपल्याच दिंडीत मागे राहिलेल्या माणसाचा आवाजही ऐकावा. दोघांनी एवढे केले तर पालखी पुढे चालेल.