कुणाचा मंगळवार

डिसेंबर १९९४ मध्ये आलेला ‘स्ट्रीट फायटर’ हा व्हिडिओ गेमवरचा सिनेमा मी परवा पहिल्यांदा पाहिला. शाहपुऱ्यात, ताईच्या घरी, भाचीशेजारी बसून. बाहेर तलावावर पावसाची झड लागली होती. शाळेच्या वयात या खेळापायी किती टोकनं घालवली त्याचा हिशेब नाही. दांडी खाली, मग तिरपी, मग पुढे, आणि लगेच बुक्कीचं बटण: ऱ्यूच्या तळहातांतून निळा गोळा सुटायचा. सिनेमात तो ऱ्यू ठग झालाय आणि नायक आहे कर्नल गाइल, म्हणजे व्हॅन डॅम. माझ्या मनातला निळा गोळा काही दिसला नाही.

भाची नाटक शिकते. तिला खेळाचं काही नव्हतं. ती एकाच माणसाकडे बघत होती, खलनायक बायसनकडे.

“मामा, हा वेगळ्याच सिनेमात काम करतोय.”

मी तिला सांगितलं, हा राउल जुलिया. पोर्तो रिकोचा. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर शेक्सपिअर केलेला. हे चित्रण चाललं तेव्हा पोटाच्या कर्करोगाने आजारी होता. त्याच्या मुलांना हा खेळ आवडायचा म्हणून भूमिका घेतली. २४ ऑक्टोबर १९९४ ला गेला, ५४ व्या वर्षी. सिनेमा त्यानंतर दोन महिन्यांनी लागला.

ती गप्प झाली. मग म्हणाली, “मला राग येतोय त्याचा.”

“त्याचा?”

“अंगात एवढीशी ताकद उरलेली, आणि ती या संहितेवर? शिवाय त्याच्यामुळे बाकीच्यांचा ढिसाळपणा झाकला जातो. तीस वर्षांनी आपण हे बघतोय ते त्याच्यासाठीच ना?” थोडं थांबून म्हणाली, “सोसायटीच्या मुलांनी गणपतीत मला राक्षस व्हायला सांगितलंय. ते नाटुकलं वाचवत नाही. मी नाही म्हणणार आहे.”

मी तो प्रसंग पुन्हा लावला. चुन-ली नावाची मुलगी बायसनला सांगते, तू माझ्या गावात आलास, माझ्या वडिलांना मारलंस. त्याला काही आठवत नाही. तो म्हणतो, तुझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस असेल. माझ्यासाठी तो एक मंगळवार होता.

“ऐकलंस? दुसऱ्याचा सगळ्यात मोठा दिवस ज्याला नुसता मंगळवार वाटतो, तो राक्षस. आणि हे वाक्य म्हणणारा नट नेमकं उलट वागतोय. संहिता कशीही असो, समोर कुणीतरी पोर बसणार, हे तो विसरलेला नाही. मी वीस वर्षं आठवीला शिकवतोय. तोच धडा, तेच प्रश्न. माझा तो मंगळवारच असतो. पण पाचव्या बाकावरची मुलगी तो धडा पहिल्यांदाच ऐकत असते. मी कंटाळून शिकवलं, तर तिच्या वाट्याला तेवढंच येतं. संहितेने काय दिलं यावर माझं देणं ठरत नाही.”

“आणि धड्यातच चूक असली तर?” तिने विचारलं. “तू जीव ओतून शिकवलास, तर ती चूक तिच्या डोक्यात जास्त खोल रुजेल. कंटाळलेल्या मास्तराने कमी नुकसान केलं असतं.”

हे मला लागलं. एका इयत्तेला एक गोष्ट मी अनेक वर्षं चुकीची, आणि फार रंगवून, सांगितली होती. ती मुलं आता कुठे असतील देव जाणे, पण त्यांच्यापैकी कुणाला तरी ती अजून पाठ असणार.

“मग नाही म्हण,” मी म्हणालो. “पण आधीच म्हण. हो म्हणून अर्ध्या मनाने उभी राहू नकोस.”

“तोही सोपा मार्ग झाला, मामा. मी नाही म्हटलं की राक्षस कुणीतरी होईलच. नाटुकलं तेच राहील, फक्त माझे हात स्वच्छ.” ती पावसाकडे बघत राहिली. “हो म्हटलं तर आधी ते नाटुकलं मी बदलायला बसेन. मुलांना घेऊन.”

“आणि मोठ्यांनी बदलू दिलं नाही तर?”

तिने उत्तर दिलं नाही. माझ्या हातातला रिमोट घेतला, प्रसंग मागे नेला, आवाज बंद केला, आणि जुलियाचे हात बघत बसली.