दरवीशांचे घर

पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश यांच्याविषयी बोलणे निघाले की एक वाक्य हमखास ऐकू येते: देश हिरावला गेला, तेव्हा या कवीने भाषेलाच आपले घर केले. ऐकायला छान वाटते, आणि दरवीश स्वतःही कधीकधी त्या अर्थाचे बोलत. पण त्यांची कविता क्रमाने वाचत गेले की हे वाक्य अपुरे वाटू लागते. त्यात एक सोय दडलेली आहे. माणसाला भाषेत घर मिळाले, तर मग जमिनीचा हिशेब मागायची गरज उरत नाही. दरवीशांनी तो हिशेब शेवटपर्यंत मागितला. घराची कल्पना त्यांनी चाळीस-पन्नास वर्षांत पुन्हा पुन्हा बदलली, रुंदावली. तिच्यातून दगड, विहीर आणि दार मात्र कधी वजा केले नाही.

अक्का शहराच्या पूर्वेला, गालिली प्रदेशातल्या अल-बिरवा या गावात १३ मार्च १९४१ रोजी त्यांचा जन्म झाला. १९४८च्या युद्धात एका रात्री सारे कुटुंब उठून लेबनॉनच्या दिशेने निघाले. महमूद तेव्हा सात वर्षांचे होते. साधारण वर्षभराने एका वाटाड्याच्या मदतीने ते चोरून परतले, तर गाव राहिले नव्हते. घरे पाडली होती आणि त्या जमिनीवर यहुदी वसाहती उभ्या राहत होत्या. जवळच्याच दुसऱ्या गावात ते निर्वासित म्हणून राहू लागले. इस्रायलच्या नव्या राज्याने अशा माणसांसाठी एक विलक्षण वर्ग केला होता: ‘हजर-गैरहजर’. माणूस देशात आहे, डोळ्यांसमोर उभा आहे, पण मालमत्तेच्या कायद्यापुरता तो गैरहजर आहे. १९५०च्या कायद्याने अशांच्या जमिनी सरकारजमा करण्याची वाट मोकळी झाली.

दरवीशांच्या विचाराची सुरुवात मला इथे दिसते. परदेशी जाण्याच्या वीस वर्षे आधी ते हद्दपार झाले होते, तेही आपल्या गावापासून हाकेच्या अंतरावर. आठेक वर्षांचे असताना त्यांनी शाळेत, राज्याच्या स्थापनादिनाच्या समारंभात, स्वतःची कविता वाचली. तुला घर आहे, मला नाही, असे एका यहुदी मुलाला उद्देशून काहीतरी त्यात होते. लष्करी प्रशासकाने त्यांना बोलावून दटावले: पुन्हा असे लिहिलेस तर बापाचे खाणीतले काम बंद होईल. मुलगा रडत घरी आला. एवढ्या बलाढ्य सरकारला एका पोराच्या ओळींची दखल घ्यावी लागते, हे त्याला फार लवकर कळले.

पुढे हैफा. कम्युनिस्ट पक्षाची अरबी नियतकालिके, त्यांत नोकरी आणि लेखन, वारंवार अटक, परवान्याशिवाय शहराबाहेर जायला बंदी. याच काळात, १९६४मध्ये, ‘ओळखपत्र’ ही कविता आली आणि साऱ्या अरब जगात पोचली. तिचा उगम त्यांनी पुढे सांगितला आहे. सरकारी कचेरीत अर्ज भरताना समोरच्या कारकुनाला ते तिरीमिरीत हिब्रूत म्हणाले होते की लिहून घे, मी अरब आहे. कविता म्हणजे त्या क्षणाचा विस्तार. अपमानाच्या खिडकीसमोर उभा असलेला एक माणूस, त्याचा दगडाच्या खाणीतला रोजगार, त्याची मुलेबाळे आणि त्याचा आवरून धरलेला राग.

हिब्रू ही त्या कारकुनाची भाषा होती, तशी एका प्रेमळ यहुदी शिक्षिकेचीही. तिच्याबद्दल दरवीश आयुष्यभर कृतज्ञतेने बोलले. लोर्का आणि नेरुदा त्यांनी आधी वाचले ते हिब्रू अनुवादांतून. १९६७च्या युद्धानंतर त्यांनी एका इस्रायली सैनिकाशी झालेल्या संभाषणावर कविता लिहिली. लढाईला कंटाळलेला, देश सोडून जाऊ पाहणारा माणूस. शत्रूला माणसाचा चेहरा दिल्याबद्दल कित्येक अरब वाचक त्यांच्यावर नाराज झाले. पण ज्या माणसामुळे आपण बेघर झालो त्याचेही स्वप्न ऐकून घेणे, हे दरवीशांना तेव्हापासून कवीचे काम वाटत होते. त्यामुळे आपला दावा दुबळा होतो असे त्यांना वाटले नाही; मलाही वाटत नाही.

१९७०मध्ये ते मॉस्कोला शिकायला गेले, १९७१मध्ये कैरोला पोचले आणि आता परतणार नाही असे त्यांनी जाहीर केले. हैफातल्या सोबत्यांना हा घाव जिव्हारी लागला. राहणे हीच लढाई, असे ते मानत. त्यांच्यातले कादंबरीकार एमील हबीबी यांनी तर आपण हैफात राहिलो एवढेच थडग्यावर कोरून घेतले. दरवीशांनी निघून जाण्याची किंमत मोजली: पंचवीस वर्षे परतीची दारे बंद. पण मला वाटते, गेले नसते तर ते एकाच कवितेत अडकून पडले असते. कैरोनंतर ते बैरूतला राहिले. तिथे श्रोते ‘ओळखपत्र’ वाचा म्हणून आग्रह धरत आणि दरवीश नकार देत. ‘लिहून घे, मी अरब आहे’ ही ओळ एका हिब्रू कारकुनासमोर अरबाने उच्चारलेली होती. अरबांनी भरलेल्या सभागृहात ती म्हणून काय साधणार? टाळ्यांचा असा मोह टाळायला धैर्य लागते.

बैरूतमध्ये त्यांनी १९८१ साली ‘अल-करमेल’ हे वाङ्मयीन नियतकालिक सुरू केले. नाव हैफाच्या डोंगराचे. फैज अहमद फैजही त्या सुमारास याच शहरात परागंदा होते आणि ‘लोटस’ या नियतकालिकाचे संपादन करत होते. मग १९८२चा उन्हाळा आला, इस्रायली वेढा पडला. त्या ऑगस्टमधल्या एका दिवसावर दरवीशांनी पुढे एक दीर्घ गद्य पुस्तक लिहिले, ‘विस्मृतीसाठी स्मृती’. पहाटे तोफा धडधडत असतात आणि या माणसाला फक्त कॉफी करायची असते. स्वयंपाकघराची काचेची बाजू समुद्राकडे, म्हणजे थेट युद्धनौकांकडे उघडी. दोन स्फोटांच्या मधल्या वेळात तिथवर पोचायचे, भांड्यात पाणी घ्यायचे, आच सांभाळायची, कॉफी चमच्याने सावकाश सोडायची, फेस वर येताच भांडे उचलायचे. ही पाने मी कितीदा वाचली तरी जुनी होत नाहीत. घर म्हणजे इथे पाच मिनिटे आहेत: स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पद्धतीने काहीतरी करायला मिळालेली पाच मिनिटे. भाषेच्या घरापेक्षा हे घर कितीतरी ठोस आहे.

बैरूत सुटले. ट्युनिस, सायप्रस आणि मग पॅरिसमधली दहा वर्षे. त्यांची सर्वांत श्रेष्ठ कविता या काळातली, असे माझे मत आहे. १९८८मध्ये पॅलेस्टाइनच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यांनीच लिहिला. १९९३मध्ये इस्रायलबरोबरच्या ऑस्लो करारावर नाराज होऊन त्यांनी पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या कार्यकारिणीचा राजीनामा दिला. कविता मात्र राजकारणाच्या बातम्यांपासून दूर, इतिहासात खोल उतरत होती. १९९२मध्ये ग्रॅनडाच्या पाडावाला पाचशे वर्षे झाली, कोलंबसच्या सफरीलाही. त्या वर्षीच्या संग्रहात अंदालुस, म्हणजे अरबांच्या स्पेनमधून निघणारे अरब आहेत आणि गोऱ्या माणसाशी बोलणारा अमेरिकेचा मूळ रहिवासीही आहे. आपले दुःख एकमेव आहे हा हट्ट इथे सुटला. माझ्या दृष्टीने त्यांच्या विचारातले हे सर्वांत मोठे वळण.

१९९५मध्ये ‘घोड्याला एकटे का सोडलेस?’ हा संग्रह आला. मुलगा वडिलांना विचारतो, घोडा मागे का ठेवला. वडिलांचे उत्तर असे की घराला सोबत म्हणून. माणसे गेली की घरे मरतात. जुन्या अरबी काव्याची परंपरा कवीला प्रेयसीच्या उठून गेलेल्या तळापाशी थांबवून रडवते. त्या परंपरेचा मुकुटमणी इम्रुल-कैसही या संग्रहात भेटतो. दीड हजार वर्षांचा हा काव्यसंकेत दरवीशांच्या वाट्याला वस्तुस्थिती म्हणून आला. त्यांच्यापुढचे भग्नावशेष कल्पनेतले नव्हते. त्यांचे सर्वे नंबर होते.

१९९६मध्ये ते वेस्ट बँकेतल्या रामल्लाला आले. याला घरवापसी म्हणायला ते तयार नव्हते. रामल्लात ते पूर्वी कधी राहिलेच नव्हते. त्यांचे गालिली सीमेपलीकडे होते. जानेवारी २००२मध्ये, रामल्लाला पडलेल्या इस्रायली वेढ्यात, त्यांनी ‘वेढ्याची अवस्था’ लिहिली. त्यात उंबऱ्यावर उभ्या सैनिकांना कवी आत येऊन अरबी कॉफी घ्यायला सांगतो, म्हणजे तरी त्यांना आपण माणसे असल्याचे जाणवेल. काही महिन्यांत सैनिक खरेच आले. आता ‘अल-करमेल’चे कार्यालय असलेल्या रामल्लातल्या सकाकिनी सांस्कृतिक केंद्राची नासधूस झाली, कागद पायदळी गेले. तरीही कवितेतले आमंत्रण त्यांनी मागे घेतले नाही.

पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सईद २००३मध्ये गेले. त्यांच्यावरची दरवीशांची दीर्घ कविता २००५च्या संग्रहात आहे, आणि सगळा विचार तिथे एकवटतो. न्यूयॉर्कमध्ये दोन मित्र बोलत आहेत. सईद दोन नावांत, दोन भाषांत राहतात. ओळख ही वारशाने मिळत नाही, ती माणूस घडवतो, असे मानतात. आपण अनेक आहोत याचा त्यांना आनंद आहे. दरवीश हे सारे मनापासून नोंदवतात, त्यांना ते पटतेही. आणि मग विषय निघतो तो जेरुसलेममधल्या सईदांच्या जुन्या घराचा. इतक्या वर्षांनी ते तिथे गेले होते, पण दारापाशी याचकासारखे थबकले. आपल्याच पलंगावर निजणाऱ्या परक्यांकडे आत येण्याची परवानगी मागणे त्यांना जमले नाही. जगभर मुक्तपणे वावरणारा हा विद्वान त्या एका दारापुढे अडला, आणि दरवीश दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी ठेवतात: अनेक ओळखींचे स्वातंत्र्य आणि ते बंद दार. पहिल्याला भरपाई मानून दुसरे सोडून द्यायला त्यांची कविता तयार होत नाही.