रीलवाल्यांचा निवाडा करताना

नंदुरबार जिल्ह्याला कॅमेरा नवा नाही. १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला, त्याच्याही आधी, सरदार सरोवराचं पाणी चढू लागलं तेव्हा कॅमेरा नर्मदाकाठच्या मणिबेलीत पोचला होता. कुपोषणाची बातमी फुटली की तो धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर येतो, होळीला काठी गावात येतो, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात येतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत टेंभलीच्या रंजना सोनवणे यांना देशातलं पहिलं आधार कार्ड मिळालं, तेव्हा एका लहानशा गावाचा चेहरा देशभर गेला. पुढे आधारवरून वाद निघाला की पत्रकार टेंभलीची वाट धरत आणि पहिल्या आधारधारकाचं काय झालं ते विचारून परतत. या सगळ्या काळात जिल्ह्याचं चित्रण होत होतं, ते करणारे मात्र बाहेरचे होते. बाहेरच्यांच्या त्या कॅमेऱ्याबद्दल, आदिवासी संघटना सोडल्या तर, जिल्ह्यात फारशी कुरकुर कधी झाली नाही. कुरकुर सुरू झाली ती कॅमेरा इथल्याच पोरांच्या हातात आल्यावर.

ही कुरकुर आता सर्वांच्या ओळखीची आहे. रीलवाले म्हणजे रिकामटेकडे. त्यांना शेतात काम नको, अभ्यास नको, लाज तर कधीच सोडलेली. तोरणमाळच्या घाटात वळणावर गाडी आडवी लावतात, पावसाळ्यात धबधब्याच्या काठाशी नको तितके जवळ जातात, भर बाजारात रस्ता अडवून नाचतात. यातलं बरंचसं खरं आहे आणि त्याचं समर्थन करण्याचं कारण नाही. पण हे दोष रस्त्यावरच्या वागणुकीचे आहेत, त्यांना वाहतुकीचे नियम आणि वडीलधाऱ्यांचा दम पुरेसा आहे. व्हिडिओ करणाऱ्यांविषयीचा आपला राग तेवढ्यावर थांबत नाही. तो त्यांच्या कपड्यांवर, केसांवर, बोलीवर आणि नाचावर जातो. कोण किती उथळ दिसतो यावरून आपण निवाडा करतो. माझ्या मते हा निकष चुकीचा आहे. विचारायला हवं ते एवढंच: ज्याचं चित्र काढलं, त्याला हा माणूस उत्तर द्यायला बांधील आहे का?

आधी ही पोरं कोण आहेत ते पाहू. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं आणि रेंजसाठी टेकडी चढावी लागणाऱ्या सातपुड्यातही हाताहातांत स्मार्टफोन दिसू लागले. अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर आपला बाजार मिळाला. 'बबल्या इकस केसावर फुगे'सारखं गाणं कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं आणि खानदेशाबाहेरच्या लग्नांतही वाजलं. त्याच्या शेजारी पावरी, मावची, देहवाली, भिलोरी गाण्यांचे व्हिडिओ आले, टिमलीची आणि रोडालीची गाणी आली. दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि बांधकामाला गुजरातेत उतरणारा मजूर ही गाणी मुक्कामाच्या जागी ऐकतो. या भाषा शाळेच्या पुस्तकांत जेमतेम आहेत, वर्तमानपत्रांत जवळपास नाहीत. त्यांना पडद्यावर आणण्याचं काम कुठल्याही अकादमीच्या आधी या 'रिकामटेकड्यां'नी केलं, हे निदान मान्य करायला हवं.

मिळकतीचं गणितही समजून घ्यावं. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळू लागायला एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं, किंवा नव्वद दिवसांत लघुव्हिडिओ एक कोटी वेळा पाहिले जाणं, ही अट आहे. बहुतेक पोरं या उंबरठ्यापर्यंत पोचत नाहीत. ज्यांना आपण पैशाच्या मागे लागलेले म्हणतो, त्यांतल्या पुष्कळांच्या हाती पैसा आलेलाच नसतो.

या पोरांकडे पाहण्याची नजर कशी असते, याचं ठळक उदाहरण शेजारच्या धुळे जिल्ह्यातलं आहे. साक्री तालुक्यातल्या जामदे गावचे दिनेश पवार आपल्या बायकांसोबत जुन्या हिंदी गाण्यांवर नाचत आणि टिकटॉकवर लाखो लोक ते पाहत. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली. घरातल्या बायका रडल्या, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं आणि ते रडणं शहरी मोबाइलांवर विनोद म्हणून फिरलं. नाच तोच, गाणीही तीच. एखाद्या नटाने तसा नाच बंगल्याच्या गच्चीवर केला असता तर त्याला साधेपणाचं प्रमाणपत्र मिळालं असतं. अंगणातल्या मातीवर केला म्हणून तो थिल्लर ठरला. अभिरुचीच्या नावाखाली आपण पुष्कळदा जात आणि ऐपत मोजत असतो. ती मोजणी एकदा बाजूला ठेवली की रीलवाल्यांवरच्या निम्म्या टीकेत काही उरत नाही.

आता बाहेरून येणाऱ्याकडे वळू. काठीच्या राजवाडी होळीला हल्ली ड्रोन घेऊन येणाऱ्यांची गर्दी असते. कमरेला दुधीभोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असलेले नाचणारे त्यांना हवे असतात. त्यांतले बरेच जण नवस बोललेले असतात. ते ठरलेले दिवस व्रत पाळतात, खाटेवर झोपत नाहीत. होळी पेटते पहाटे, तोवर रात्रभर पाय थांबत नाहीत. अशा माणसाला मध्येच हात धरून 'जरा इकडे बघा, पुन्हा एकदा नाचा' म्हणणारा पाहुणा सुशिक्षित असतो, त्याचा कॅमेरा महागडा असतो, त्याच्या व्हिडिओला मागून गंभीर आवाजातलं निवेदन असतं. त्याला कोणी रीलवाला म्हणत नाही. तो 'संस्कृतीचा अभ्यासक' ठरतो.

भोंगऱ्या बाजाराचं तर याहून वाईट झालं. होळीआधीच्या आठवड्यात भरणारा हा बाजार. गूळ, डाळ्या, हार-कंगन आणि होळीच्या साजाचं सामान घ्यायला, नातलगांना भेटायला लोक येतात, ढोल वाजतात. बाहेरच्यांनी त्याचा 'पळून जाऊन लग्न करण्याचा मेळा' करून टाकला. आधी हे छापून आलं, मग चित्रफितींच्या मथळ्यांवर चढलं. आदिवासी संघटना वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत की ही आमच्या मुलींची बदनामी आहे. पण मथळा लिहिणारा पुण्यात, इंदूरमध्ये किंवा सुरतेत बसलेला असतो. पुढच्या बाजाराला त्याला धडगावात तोंड दाखवायचं नसतं.

हा रोग जुना आणि जगभरचा आहे. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची छायाचित्रं काढणाऱ्या एडवर्ड कर्टिसने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका तंबूतल्या चित्रातून गजराचं घड्याळ पुसून टाकलं होतं. त्याचा 'अस्सल आदिवासी' घड्याळ वापरत नव्हता, चित्रातली माणसं मात्र वापरत होती. २०१२ मध्ये अंदमानातल्या जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली आणि देशात संताप उसळला; काठीत 'पुन्हा एकदा नाचा' म्हणणाऱ्यावर तो उसळत नाही. आज काठीत नाचणाऱ्याच्या हातातला मोबाइल चौकटीत येऊ नये म्हणून कोन बदलणारा माणूस कर्टिसच्याच वाटेने चाललेला असतो. गावचा पोरगा मात्र त्याच होळीत जीन्स, गॉगल, मोबाइल आणि मोरपीस सगळं एकत्र दाखवतो. अभ्यासकाला ते भेसळ वाटेल, पण खरं चित्र त्या पोराकडेच असतं.

कौतुकाचा आणि तक्रारीचा व्हिडिओ आपण कसे वेगळे तोलतो तेही पाहण्यासारखं आहे. २०२० मध्ये कोरोनाकाळात चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे नर्मदेतून स्वतः होडी वल्हवत दूरच्या पाड्यांवर बालकांपर्यंत आणि गर्भवतींपर्यंत पोचत होत्या. त्यांचं काम देशभर गाजलं आणि ते गाजायलाच हवं होतं. याच डोंगरांत रस्ता नसल्यामुळे बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून खांद्यावर नेतानाचे व्हिडिओही दर पावसाळ्यात येतात. ते काढणारे बहुतेकदा गावचेच तरुण असतात. दोन्ही चित्रांत वस्तुस्थिती एकच आहे: माणूस आणि दवाखाना यांच्यामध्ये रस्ता नाही. तरी पहिल्या चित्राला टाळ्या पडतात आणि दुसरं काढणाऱ्याला 'जिल्ह्याची बदनामी कशाला करतोस' असं ऐकावं लागतं. पहिल्या चित्रात एका बाईचं धैर्य दिसतं, म्हणून यंत्रणेला सुटल्यासारखं वाटतं. दुसऱ्यात यंत्रणेलाच जाब विचारलेला असतो. झोळीचा व्हिडिओ काढणारा पोरगा कदाचित काल धबधब्यावर नाचत होता. त्याने त्याचं आजचं काम हलकं होत नाही.

एवढं वाचून कोणी म्हणेल की गावचा तो चांगला आणि बाहेरचा तो वाईट, असं सोपं समीकरण मांडलं जात आहे. तसं नाही. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. ती अफवा मोबाइलवरून पसरली होती आणि मारहाणीचं चित्रणही मोबाइलवर झालं. मारणारे स्थानिक होते, मेलेले परके. त्या दिवशी चित्रात सापडलेल्या माणसांना त्या गावात कोणी आपलं नव्हतं, म्हणून त्यांच्या वतीने कॅमेऱ्याला अडवणारंही कोणी नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा घातली. मर्यादा आली, पण पाच माणसांचे जीव गेल्यावर.

बायकांच्या बाबतीत स्थानिक निर्मातेही कमी पडतात. खानदेशी गाण्यांतली 'पोर' बहुतेक वेळा कुणीतरी मागे लागण्यासाठीच असते. गाण्यात नाचणाऱ्या मुलीला टिप्पण्यांतले घाणेरडे शब्द झेलावे लागतात, सोबतच्या मुलाला वाहवा मिळते. बाजारात चोरून टिपलेल्या मुलीचा व्हिडिओ फिरला तर तिचा फोन काढून घेतला जातो, कधी कॉलेजही सुटतं. टिपणाऱ्याचं काहीच बिघडत नाही. गावच्या मुलीशीही उत्तरदायित्व न मानणारा निर्माता आणि भोंगऱ्याला बदनाम करणारा पाहुणा यांच्यात मला फरक दिसत नाही.

पूर्वी हे उत्तरदायित्व आपोआप येई. या भागात सोंगाड्या पार्ट्यांची परंपरा आहे. रात्रभर चालणाऱ्या सोंगांत पुढारी, सावकार, साहेब, कुणाचीही टर उडवली जाई. ती कधी फार सोवळी नव्हती, विनोद रांगडेच असत. पण ज्याची टर उडवली तो समोर किंवा शेजारच्या गावात बसलेला असे आणि सोंगाड्याला सकाळी त्याच वाटेने घरी जायचं असे. त्याची जीभ धारदार असली तरी तिला मर्यादा होती आणि ती समोरच्या माणसांनी घातलेली होती. व्हिडिओने नेमकं हे तोडलं. चित्रातली माणसं धडगावात आणि पाहणारी सगळ्या जगात. निर्मात्याला रोज दिसतो तो किती लोकांनी किती सेकंद पाहिलं याचा आलेख. माणसांना द्यायचं उत्तर तो आलेखाला देऊ लागतो. धोकादायक कड्यावर उभं राहणं, बायकांची चेष्टा, खोटा मथळा, हे सगळं तिथून सुरू होतं. म्हणून पोरांना संस्कार शिकवून हे सुटणारं नाही. चित्रातल्या माणसाकडे निर्मात्याला काही प्रमाणात परत बांधावं लागेल.

त्यासाठी साधन हाताशी आहे. नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो आणि १९९६ चा पेसा कायदा समाजाच्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला देतो. हा अधिकार जंगल आणि गौण खनिज यांच्याइतकाच चित्रणालाही लावता येईल. होळीत कोणत्या विधीचं चित्रण चालेल, व्रतस्थाला कधी थांबवू नये, ड्रोन उडेल की नाही, बाहेरून आलेल्याने कोणाला विचारायचं आणि मिळकतीतला काही वाटा गावाला द्यायचा का, हे ग्रामसभेने ठरवावं. कोणाही स्त्रीचं चित्र तिला विचारल्याशिवाय घेऊ नये, हा नियम पाहुण्यालाही लागू असावा आणि गावच्या पोरालाही.

या अधिकाराचा गैरवापरही होऊ शकतो. गावाच्या इभ्रतीच्या नावाखाली मुलींनाच फोन बंद करायचा आणि सरकारच्या इभ्रतीच्या नावाखाली झोळीचा व्हिडिओ दाबायचा, हे दोन मोह लगेच पुढे येतील. म्हणून भेद स्पष्ट हवा. माणसाचं खाजगीपण आणि समाजाची श्रद्धा यांच्यावर कॅमेरा रोखायचा तर आधी परवानगी घ्यावी. रस्ता, दवाखाना, आश्रमशाळा, रेशन दुकान यांच्यावर रोखायला कुणाच्याही परवानगीची गरज नाही, कारण तिथे उत्तर द्यायचं असतं ते सत्तेने. हा भेद पाळणारा पोरगा कितीही भडक कपडे घालो, त्याला गावाने आपला म्हणावं. जो पाळत नाही, त्याचा कॅमेरा कितीही महाग असो आणि मराठी कितीही शुद्ध असो, त्याला होळीच्या मैदानाबाहेर उभं करण्याचा हक्क गावाला असायला हवा.